शुश्रूषा आणि साक्ष

‘शुश्रूषा’ हा शब्द मराठीत आज रुग्णसेवेच्या अर्थाने रूढ आहे. संस्कृतातील ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूचे वचन ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवाही करी. त्यामुळे कालांतराने ऐकण्याचा अर्थ मागे पडला आणि सेवेचा अर्थ पुढे आला. भाषेच्या इतिहासात असे अर्थांतर नित्याचेच आहे. परंतु या अर्थांतरात जे मागे पडले, ते नैतिकदृष्ट्या गौण नव्हते. ज्याची सेवा करावयाची त्याचे काहीही न ऐकता त्याला न्हाऊमाखू घालता येते, भरवता येते, कूस बदलता येते. सेवेचे सर्व उपचार यथासांग चालू असतानाही मनुष्याची विटंबना होऊ शकते, ती या फटीतून.

परावलंबी झालेल्या प्रौढ माणसाचा त्याच्याच घरात होणारा छळ हा आज सार्वजनिक चिंतेचा विषय झाला आहे. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यांवरील वयाच्या व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. जगभरच्या अभ्यासांवरून जागतिक आरोग्य संघटनेने असा अंदाज केला आहे की, संस्थांबाहेर राहणाऱ्या दर सहा वृद्धांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. या छळात मारहाण तर येतेच. पण वेळेवर पाणी न देणे, ओल्या अंथरुणात तसेच पडू देणे, गुंगीचे औषध गरजेपेक्षा अधिक देणे, निवृत्तिवेतनाच्या कागदावर अंगठा उठवून घेणे आणि त्याच्यादेखत, तो तेथे नाहीच अशा रीतीने, त्याच्याविषयी बोलणे, हेही येते.

आपली परंपरा मातृपितृसेवेचा गौरव करणारी आहे, हे खरे. पंढरीचा विठ्ठल विटेवर उभा आहे, तो पुंडलिकाला आईवडिलांच्या सेवेतून सवड नव्हती म्हणून. ईश्वरालाही थांबावयास लावणारी ही कथा सेवेला विलक्षण प्रतिष्ठा देते. मात्र त्याच कथेचा पूर्वार्ध आपण सहसा आठवत नाही. हाच पुंडलिक आधी आईवडिलांची हेळसांड करीत होता आणि पुढे त्याला उपरती झाली, असे ती कथा सांगते. छळणारा आणि सेवा करणारा ही दोन निराळी माणसे नाहीत, हे परंपरेला ठाऊक होते. आपण विटेची पूजा चालू ठेवली आणि हे ज्ञान विसरलो.

प्रेमचंदांच्या ‘बूढ़ी काकी’ या हिंदी कथेत हेच ज्ञान अधिक कठोरपणे आले आहे. काकीने आपली सारी मालमत्ता पुतण्याच्या नावे केली आहे. ती लिहून घेताना त्याने दिलेली आश्वासने आता कोणी स्मरत नाही. घरात समारंभ आहे, पुऱ्या तळल्या जात आहेत आणि त्या वासाने व्याकूळ झालेली काकी सरपटत बाहेर येते. तिला रागे भरले जाते, नंतर फरफटत नेऊन अंधाऱ्या खोलीत टाकले जाते. रात्री ती पाहुण्यांच्या उष्ट्या पत्रावळींतील तुकडे वेचून खाते. ते दृश्य पाहून पुतण्याची पत्नी रूपा हादरते आणि ताट वाढून आणते. या कथेत कोणी खलपुरुष नाही, हे तिचे मर्म. कामाच्या धांदलीतील, चारचौघांत लाज राखू पाहणारी साधी माणसे आहेत. एखाद्याच्या भुकेचा कंटाळा आला की क्रौर्याला वेगळ्या हेतूची आवश्यकता राहत नाही.

तथापि या कथेचा शेवट नीतिविचाराला पुरेसा नाही. रूपाला पश्चात्ताप झाला, कारण त्या क्षणी ती जागी होती आणि तिच्या दृष्टीला ते पडले. ती झोपेत राहिली असती तर? समाजव्यवस्था ही रूपाच्या जागे होण्यावर विसंबून उभारता येत नाही. कायद्याचे प्रयोजन येथे सुरू होते. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, देणाऱ्याच्या इच्छेनुसार परत मिळविता येते. अधिनियम अमलात आल्यानंतरच्या हस्तांतरणांनाच हे लागू आहे. पण काकीच्या दुःखाला कायद्याने दिलेले हे उत्तरच होय.

कायद्याची दृष्टी कशी बदलत गेली, हे पाहणे उद्बोधक आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 491 होते. असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे ते कलम सांगे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 357 मध्ये दंडाची मर्यादा पाच हजार झाली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील कायद्याने पगारी सेवकाला ओळखले होते, नातलगाला नव्हे. 2007 च्या अधिनियमाने नातलगाकडे लक्ष वळविले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एक पाऊल पुढे टाकले. दिव्यांग व्यक्ती प्रत्यक्षात ज्याच्या ताब्यात वा नियंत्रणाखाली आहे, त्याने तिला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे हा कलम 92 अन्वये गुन्हा ठरला. करार कोणाशी, रक्त कोणाचे, हे प्रश्न येथे उरत नाहीत. सत्ता कोणाच्या हाती, एवढाच उरतो. नैतिक विचारालाही हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो. मात्र याच कलमानुसार दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान हा गुन्हा ठरण्यासाठी तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडावा लागतो. बंद दाराआड रोज होणारा अपमान त्याच्या कक्षेत येत नाही.

शहरांतून आता ब्युरोमार्फत बारा तासांच्या पाळीने बाई किंवा मामा ठेवण्याची पद्धत रुळली आहे. घरच्यांनी जबाबदारी ब्युरोवर टाकावी आणि ब्युरोने ‘आम्ही फक्त माणूस पुरवितो’ असे म्हणावे, या दोहोंमध्ये रुग्ण निराधार होतो. अशा गृहसेवेची नोंदणी व नियमन करू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होता 2024 मध्ये सभागृहाच्या मुदतीबरोबर संपुष्टात आले.

या चित्रातील सेविकेला सहज आरोपी करणे मात्र अन्यायाचे होईल. ‘नटसम्राटा’त मुलीच्या घरी चोरीचा संशय वृद्ध बापावर येतो; आजच्या घरात तो प्रथम बाईवर येतो. घरातील जो सर्वांत दुबळा, त्याच्याकडे संशय वळतो. रात्रभर जागणारी, स्वतःचे मूल शेजारणीकडे ठेवून आलेली, आजारी पडल्यास रोजंदारी गमावणारी ही स्त्रीही त्या खोलीत एकटीच असते. अमेरिकन तत्त्वचिंतक एव्हा किटे यांनी असे मांडले आहे की, परावलंबी माणसाची काळजी वाहणाऱ्याची काळजी वाहणे हे समाजाचे ऋण आहे. थकवा हे क्रौर्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण ज्याने थकवा दुसऱ्याकडून विकत घेतला, तो त्या क्रौर्याच्या दायित्वातून मोकळा होत नाही.

खरा नैतिक पेच पुढेच आहे. छळ सोसणारी व्यक्तीच पुष्कळदा म्हणते, ‘तक्रार नको.’ ती प्रौढ आहे, तिची बुद्धी शाबूत आहे. तिच्या इच्छेविरुद्ध तिचे रक्षण करणे म्हणजे तिला पुन्हा एकदा न ऐकणेच नव्हे काय? दुसऱ्या बाजूने, तिचा नकार शिरोधार्य मानून दार ओढून घेणे हे सोयीचे सौजन्य ठरू शकते. माझ्या मते येथे इच्छा आणि भय यांत भेद केला पाहिजे. ज्या हातांनी तिला मारले, तेच हात सकाळी तिला उठवून बसवतात. तक्रार केली तर ते हातही जातील, हे तिला ठाऊक असते. अशा स्थितीतला नकार म्हणजे निवड नव्हे. निवड होण्यासाठी दुसरा पर्याय समोर असावा लागतो. म्हणून आधी दुसरे हात उपलब्ध करून द्यावेत, आणि मग तिला विचारावे. तरीही ती नको म्हणाली, तर त्या नकाराचा मान राखावा आणि जाणेयेणे मात्र सोडू नये.

खोलीत कॅमेरा बसविणे हा आजचा लोकप्रिय उपाय आहे. तो कधी उपयोगीही पडतो. परंतु ज्याचे अंग पुसले जात आहे, त्याला न विचारता त्याच्यावर यंत्राची नजर रोखणे ही विटंबनेचीच सुधारलेली आवृत्ती होय. पाळत आणि साक्ष यांत अंतर आहे. प्रेमचंदांच्या कथेत लाडली नावाची एक लहान मुलगी आहे. ती आपल्या वाटणीच्या पुऱ्या लपवून काकीसाठी घेऊन जाते. तिच्या हाती घराची सत्ता नाही, तरी त्या घरात काकीची हाक जिला ऐकू येते अशी ती एकटीच आहे. 2016 च्या अधिनियमाचे कलम 7 दिव्यांग व्यक्तीच्या छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यास देण्याची मुभा कोणत्याही व्यक्तीला देते. कायद्याने लाडलीसाठी ठेवलेली ही जागा आहे. शेजारी, औषधाच्या दुकानातील मुलगा, महिन्यातून एकदा येणारा डॉक्टर, दूर देशातून दूरध्वनी करणारा मुलगा यांपैकी कोणी ती जागा घेईल काय, यावर अंधाऱ्या खोलीतल्या माणसाचे सुरक्षित असणे अवलंबून आहे. त्यासाठी काकीशी थेट, एकांतात आणि तिच्या गतीने बोलावे लागेल, आणि तिचे ऐकावे लागेल. शुश्रूषेचा मूळ अर्थ तोच होता.