सही कुणी करायची?

डिसेंबर लागला की पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांत मोठमोठ्या बॅगा उतरतात. अमेरिकेतला मुलगा, सिडनीची मुलगी, नातवंडं. तीन आठवड्यांत दोन लग्नं, कुलदैवत, दाताचा डॉक्टर आणि बँकेची केवायसी उरकायची असते. अशातच एखाद्या घरात पहाटे आप्पा न्हाणीघरात कोसळतात. जीभ जड होते, एक बाजू लुळी पडते. मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे पहिले काही तास नुसती धावपळ. तोवर घरात मतभेदाला जागाच नसते.

ते सुरू होतात तिसऱ्या-चौथ्या दिवशी. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात : सुधारणा नाही, वय ऐंशीच्या पुढे, व्हेंटिलेटरची वेळ येऊ शकते, काय करू या? वर्षानुवर्षं आप्पांच्या गोळ्यांचे डबे भरणारा धाकटा खाली बघतो. आणि आठवड्यापूर्वी विमानातून उतरलेला थोरला म्हणतो, ‘‘डॉक्टर, पैशाकडे बघू नका. जे जे शक्य आहे ते सगळं करा.’’

डॉक्टरांना हा थोरला चांगला ओळखीचा आहे. कॅनडातले डेव्हिड मॉलॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये वृद्धांच्या आजारांना वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ या नावाने त्याची नोंद केली. रुग्णापासून दूर राहिलेलं अपत्य ऐनवेळी येतं आणि जवळच्या माणसांनी डॉक्टरांबरोबर विचारपूर्वक ठरवलेलं उलटवून टाकतं. खुद्द कॅलिफोर्नियात म्हणे हीच मुलगी न्यूयॉर्कहून येते!

हे नाव थोडं अन्यायाचंही आहे. रोज बघणाऱ्याची नजर सरावते. आईचं घटलेलं वजन, कपातला चहा हिंदकळवणारा हात, एकाच दुखण्यावर दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्या, हे बाहेरून आलेल्याला पहिल्याच जेवणात दिसतं. तेव्हा त्याने प्रश्न जरूर विचारावेत, दुसऱ्या डॉक्टरचं मतही घ्यावं. पण ‘सगळं करा’ या दोन शब्दांमागे आप्पांची गरज किती आणि इतकी वर्षं इथे नसल्याची टोचणी किती, हे त्याने स्वतःला विचारायला हवं. आपल्या टोचणीवरचा इलाज वडिलांच्या घशात नळी घालून होत नाही.

मग ठरवायचं कुणी? या प्रश्नाचा सर्वांत कठोर विचार मुंबईतल्या एका खाटेवरून झाला. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर पुन्हा भानावर आल्याच नाहीत. त्यांना जगवणारे उपचार थांबवावेत, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. ती फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं की, अरुणा यांच्या वतीने बोलायचा अधिकार त्यांची रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. त्यांच्यात ना रक्ताचं नातं, ना वारसाहक्क. विराणींच्या कळकळीवर न्यायालयाला शंका नव्हती, पण कळकळ आणि शुश्रूषा यांच्यात त्याने फरक केला. २०१५ मध्ये अरुणा गेल्या, तोवर त्यांची काळजी केईएमनेच घेतली.

हा फरक घरातही लागू करून बघावा. औषधपाणी, डायपर, ब्युरोच्या बाईच्या सुट्ट्या हे सगळं ज्याने निभावलं त्याचं मत आधी ऐकायचं. अनेक घरांत तो ‘ज्याने’ म्हणजे धाकटी सून असते आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला कुणी बसवतच नाही. अमेरिकेच्या १९९३ च्या कौटुंबिक रजेच्या कायद्यातही तिच्यासारखीला स्थान नाही. आई-वडिलांच्या गंभीर आजारासाठी तो बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा देतो. सासू-सासऱ्यांसाठी देत नाही. दूरच्या मुलाने पैसे जरूर पाठवावेत, ते त्याचं कर्तव्यच आहे. त्या पैशातून निर्णयाचा हक्क मात्र विकत मिळत नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर चार रात्री काढून धाकट्याला घरी झोपायला पाठवणं, मेडिक्लेमची फाइल हातात घेणं, ही कामं त्याने मागून घ्यावीत. रजा संपल्यावर तो परत गेला तर त्यात पाप काही नाही.

या सगळ्यांच्या वरचं मत अर्थात खुद्द आप्पांचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घेतलं की पुरतं. स्वतःला बोलता येईनासं झालं तर कुणाला विचारावं, त्या माणसाचं नावही त्यात लिहिता येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी मे २०२४ मध्ये स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं. गोव्यातलं ते पहिलं. न्यायाधीशाला जे अशुभ वाटलं नाही, त्याचा विषय काढताच आपल्या घरात मात्र ‘सणासुदीचं भलतं बोलू नकोस’ म्हणून गप्प केलं जातं.

मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याची समज-शक्ती गेली की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी ठरतं. इच्छापत्रावरची सहीसुद्धा आई-वडिलांची बुद्धी शाबूत असतानाच व्हावी लागते. पुढच्या सुट्टीतली एक दुपार त्यासाठी मोकळी ठेवा आणि त्या दुपारी धाकट्या भावाला नि वहिनीलाही बोलवा.