गाठीचा पैसा आणि विठोबाचा भरवसा

कार्तिकीची वारी करून परत येताना आम्ही कराडास उतरलो होतो. प्रीतिसंगमावर, जेथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींस भेटतात, तेथे घाटावर घटकाभर बसलो असता एक सत्तरीच्या माळकरी बाई जवळ येऊन टेकल्या. ओळख जुनी. दोन म्हशींच्या दुधावर त्यांनी संसार केला आणि वीस वर्षे पै-पै करून म्हातारपणाला म्हणून काही रक्कम एका पतसंस्थेत ठेवली. ती संस्था बुडाली. बाई म्हणाल्या, "बुवा, पैका साठवला ह्येच चुकलं का वो आमचं? इठ्ठलावर भरवसा ठिवला न्हाई म्हून त्यानंच न्येला आसंल का?"

या प्रश्नाने आम्ही खाली मान घातली. कारण ती ठेव गोळा करणारा गृहस्थ गळ्यात माळ घालणारा होता, आणि बाईंनी पूर्वी एकदा आम्हांला विचारले तेव्हा "माळकरी माणूस आहे, भिऊ नका" असे आम्हीच म्हणालो होतो. म्हणून हा लेख. दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आम्ही आमची चूक कबूल करतो.

प्रश्न असा की, उद्याची तरतूद करणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे होय काय? पुष्कळ भाविक तसे समजतात. कराड हे तर संत सखूबाईचे गाव. सखूच्या जागी देव स्वतः बांधून घेऊन राहिला, तो आपले म्हातारपण पाहणार नाही का, असे लोक म्हणतात. पण सखू कामातून सुटका व्हावी म्हणून पंढरीस निघाली नव्हती. ती भेटीसाठी निघाली होती. देवाने तिच्यासाठी केले हा त्याचा कळवळा. त्यावर आपण आपला आळस टेकवावा, हे बरे नव्हे.

दुसरे कोणी तुकोबारायांचे उदाहरण देतात. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु आधी धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला, हे आपण विसरतो. बुडविले ते स्वतःचे येणे. दुसऱ्याचे देणे नव्हे. आपण मात्र तरतूद न करता हात झटकतो, तेव्हा आपला भार मुलांवर, सुनांवर, शेजाऱ्यांवर पडतो. त्यास वैराग्य कसे म्हणावे?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे उघडली. कोठारात धान्य होते म्हणून उघडता आली, रिकाम्या कणगीचे दार उघडून कोणाचे पोट भरणार? आणि पुढची गोष्ट तर फार मोलाची आहे. विठू महाराचे रूप घेऊन देवाने बादशहाचा पैसा चुकता केला, तो पावती घेऊन! जेथे देवाने पावती सोडली नाही, तेथे आपण माळ पाहून पैसा द्यावा काय? माळ हे विठोबाशी केलेल्या कराराचे चिन्ह आहे. ते पैशाचे तारण नव्हे.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी येथेच सांगतो.

कराडकरांना ७ डिसेंबर २०२० हा दिवस आठवत असेल. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. त्याआधी नोव्हेंबर २०१७ पासून त्या बँकेवर निर्बंध होते. तरीही शेकडा ९९ हून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण ठेव मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी सांगितले. हा विमा कोठून आला? १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. लोकांचे हाल पाहून १९६२ पासून ठेवींना विमा लागू झाला. आरंभी तो १५०० रुपयांपुरता होता. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारास ५ लाखांपर्यंत, व्याज धरून, आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थांना मात्र हा विमा नाही. बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या सारख्याच दिसतात, पण फरक एवढा मोठा आहे. त्या बाईंना तो कोणी सांगितला नाही. आम्हीही नाही.

दुसरी गोष्ट, लवकर आरंभ करावा. सरकारची अटल पेन्शन योजना २०१५ साली निघाली. १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या माणसास तीत शिरता येते. साठीनंतर महिना १००० रुपये हवे असतील तर अठराव्या वर्षी आरंभ करणाऱ्यास महिना ४२ रुपये पुरतात. चाळिसाव्या वर्षी येणाऱ्यास २९१ लागतात. पहिला ४२ वर्षांत सुमारे २१ हजार भरतो, दुसरा २० वर्षांत सुमारे ७० हजार. बाकीचे काम काळ करतो. अर्थात आजचे हजार आणि पुढचे हजार एक नव्हेत, महागाई खाते. म्हणून एवढ्यावरच विसंबू नये.

तिसरी गोष्ट, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे बाजारचे शहाणपण शेतकऱ्याला सांगावयास नको. तो सगळ्या रानात एकच पीक घेत नाही, बांधाला तूर लावतोच. चौथी गोष्ट, बाजारात कोणी देत नाही ते व्याज जो देऊ करतो, त्याला आधी विचारावे: बाबा, हे तू आणणार कोठून?

कोणी म्हणेल, आईबापांनी आपली सोय केली तर पुंडलिकाचे काय? पेन्शन औषध आणील, पण पाय चेपणार नाही. मुलांनी खातेपुस्तक पाहून सेवा टाळू नये.

आणि साठवावे तरी किती? वारी चुकू नये, दारी आलेला विन्मुख जाऊ नये, शेवटचे दिवस कोणाच्या तोंडाकडे पाहत काढावे लागू नयेत, एवढे. त्यापुढचा पैसा आपल्याला राखू लागला असे समजावे. तरतूद करून जो निश्चिंतपणे नाम घेतो त्याचा भरवसा विठोबावर. तरतूद करूनही रात्री जो मोजत बसतो त्याचा भरवसा पेटीवर.

त्या माउलीस आम्ही एवढेच सांगितले: "बाई, साठवलेत हे चुकले नाही. देवाने नेले नाही, माणसांनी नेले. आणि आम्ही न पाहता हमी दिली, त्याची क्षमा करा." त्या थोडा वेळ नदीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता नातीचं तरी नीट बघून ठिवा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नातीबरोबर आम्ही बँकेत गेलो, कागद नीट वाचला आणि पावती घेतली.

रामकृष्ण हरि.