पापाचे भागधारक

१४ फेब्रुवारी २०१८ या दिवशी राखेचा बुधवार होता. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, पार्कलंड येथील मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने गोळीबार करून सतरा जणांचे प्राण घेतले. त्यांत चौदा विद्यार्थी होते. शाळेबाहेर आक्रोश करणाऱ्या एका स्त्रीचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी जगभर छापले गेले. तिच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. आपल्या मर्त्यपणाची खूण कपाळावर घेतलेल्या त्या स्त्रीला त्याच दिवशी मरण एवढे जवळून पाहावे लागले.

ती रायफल स्मिथ अँड वेसन या कंपनीने बनवलेली होती, आणि त्या कंपनीच्या भागधारकांत काही कॅथलिक धर्मभगिनी होत्या. वाचक चमकतील. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या भगिनींनी बंदुकीच्या कारखान्यात पैसे का गुंतवावेत? उत्तर असे की, त्यांनी ते प्रश्न विचारण्यासाठी गुंतवले होते. अमेरिकेच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे दोन हजार डॉलर किमतीचे समभाग वर्षभर बाळगणाऱ्या कोणालाही कंपनीच्या वार्षिक सभेपुढे ठराव मांडता येई. एड्रियन डोमिनिकन संघाच्या सिस्टर ज्युडी बायरन व त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सिएटल परिसरातील संघांनी २०१६ साली नियमापुरते समभाग विकत घेतले. पार्कलंडनंतर त्यांच्या मागणीला धार आली. मागणी अगदी साधी होती: तुमच्या मालाने होणाऱ्या हिंसेवर तुम्ही काय लक्ष ठेवता आणि अधिक सुरक्षित बंदुकीसाठी काय करता, याचा अहवाल द्या. स्टर्म रूगर या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या मे २०१८ मधील सभेत कॅथलिक हेल्थ इनिशिएटिव्हज या रुग्णालय-समूहाने मांडलेला असा ठराव दोनतृतीयांशाहून अधिक मतांनी संमत झाला. सप्टेंबरात स्मिथ अँड वेसनच्या तेव्हाच्या पालक कंपनीतही होली नेम्स संघाच्या भगिनींनी मांडलेला ठराव निसटत्या बहुमताने मंजूर झाला. संचालक मंडळांचा विरोध असताना हे घडले, कारण मोठमोठ्या गुंतवणूक संस्थांनी भगिनींच्या बाजूने मत दिले.

दोन्ही कंपन्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये अहवाल दिले. ते वाचून कोणाचे हृदयपरिवर्तन झाले असेल असे मला वाटत नाही. आमचा व्यवसाय कायदेशीर आहे आणि आमचे ग्राहक आमच्यावर नाराज नाहीत, असाच त्यांचा एकंदर सूर होता. २००५ साली अमेरिकन संसदेने केलेल्या कायद्याने, बंदुकीचा कोणी गुन्ह्यासाठी वापर केल्यास तिच्या उत्पादकावर सहसा दावा लावता येत नाही; या भिंतीआड बसलेल्याला अहवाल लिहिणे जड जात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये धर्मभगिनींच्या चार संघांनी भागधारक या नात्याने स्मिथ अँड वेसनच्या संचालकांविरुद्ध नेवाडातील न्यायालयात दावा गुदरला.

येथे नीतिशास्त्राचा प्रश्न उभा राहतो, आणि मला तो राजकारणाच्या प्रश्नाहून अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या गोष्टीला आपण वाईट म्हणतो तिचा अंशतः मालक होऊन तिला विरोध करणे उचित आहे काय? की तिच्यापासून दूर राहणे, हात स्वच्छ ठेवणे, हेच ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला शिडी धरणारा नोकर आठवत असेल. मालक परस्त्रीच्या खिडकीतून आत शिरू पाहतो. नोकराने नोकरी जाईल या भीतीने त्याची शिडी धरली, तर नोकर पापी ठरतो का? काही सैल विचारांच्या पंडितांनी त्याला मोकळे सोडले होते. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली ते मत निषिद्ध ठरवले. पुढे संत आल्फान्सस लिगोरी यांनी दुसऱ्याच्या दुष्कृत्याला त्याच्या हेतूसह साथ देणे आणि तो हेतू मान्य नसताना केवळ कृतीने साहाय्य होणे, यांत भेद केला. पहिले केव्हाही निषिद्ध. दुसऱ्याचे मोजमाप करावे लागते. साहाय्य किती जवळचे, किती अटळ, त्याला कारण किती सबळ. त्या तासांना आम्ही हसत असू, कारण शिड्या आणि खिडक्या फार दूरच्या वाटत. आज भांडवल बाजारात पाहिले तर सगळीकडे शिड्याच दिसतात.

परंतु हा दाखला भागधारकाला नीट लागू पडत नाही. बाजारात समभाग विकत घेताना आपला पैसा कंपनीकडे जात नाही. तो समभाग विकणाऱ्या दुसऱ्या गुंतवणूकदाराच्या खिशात जातो. कारखान्याच्या भट्टीत आपले कोळशाचे एक ढेकूळही पडत नाही. आणि म्हणूनच समभाग विकून टाकल्यानेही कारखान्याचे सहसा काही बिघडत नाही. फक्त मालकाचे नाव बदलते, बहुधा कधीच प्रश्न न विचारणाऱ्याचे. बॉस्टन कॉलेजातील धर्मपंडित कॅथलीन केव्हनी यांनी २००० साली एक उपयुक्त भेद मांडला. सहकार्य करणारा आपली कृती दुसऱ्याच्या दुष्कृत्याला देतो. पण असाही एक माणूस असतो जो दुसऱ्याच्या दुष्कृत्याचे फळ आपल्या कामासाठी घेतो. भागधारक प्रामुख्याने हा दुसरा. त्याची शिडी खिडकीला लागलेली नाही, त्याची ओंजळ पसरलेली आहे. तेव्हा त्याला विचारायचा प्रश्न 'तू मदत किती केलीस' हा नसून 'तू घेतोस काय, आणि घेताना गप्प बसतोस काय' हा आहे.

या कसोटीवर बंदुकीच्या बाबतीत भगिनींची बाजू मला मजबूत दिसते. नियमापुरत्या समभागांवरील लाभांश तो केवढा! त्यासाठी कोणी गप्प बसत नाही. उलट समभाग नसता तर त्यांना त्या सभेत पाऊल ठेवता आले नसते. बंदुकीचा कायदा बदलायला संसदेत साठ मते लागतात, न्यायालयापुढे राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती आडवी येते; मालकाच्या दाराने मात्र एक वयस्क धर्मभगिनी आत शिरते आणि संचालकाला उत्तर द्यावे लागते. अमेरिकेत ही वाट जुनी आहे. १९७१ साली एपिस्कोपल चर्चने जनरल मोटर्सपुढे, दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा, असा ठराव ठेवला आणि त्यांचे प्रमुख महागुरू जॉन हाइन्स स्वतः सभेत बोलले. मते पडली दोन टक्क्यांहूनही कमी. त्याच सुमारास चर्चच्या गुंतवणूकदारांचे आंतरधर्मीय केंद्र न्यूयॉर्कमध्ये उभे राहिले. जनरल मोटर्सने आफ्रिकेतील आपला कारभार विकण्याची घोषणा केली ती १९८६ साली.

तेलाच्या बाबतीत माझे मत इतके निःशंक नाही. न्यू जर्सीच्या कॅल्डवेल डोमिनिकन संघाच्या सिस्टर पॅट्रिशिया डेली यांनी एक्सॉन कंपनीपुढे हवामानबदलाचे ठराव वर्षानुवर्षे मांडले. त्या २०२२ च्या डिसेंबरात निवर्तल्या. २०१७ साली न्यूयॉर्क राज्याच्या निवृत्तिवेतन निधीने पुढाकार घेतलेला हवामान-जोखमीच्या अहवालाचा ठराव एक्सॉनच्या सभेत बासष्ट टक्के मतांनी मंजूर झाला. तेव्हा अनेक वर्षांच्या मेहनतीचे चीज झाले असे वाटले. पुढे काय झाले? जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने, प्रदूषण कमी करण्याचा ठराव आणणाऱ्या दोन गुंतवणूकदार संस्थांनाच न्यायालयात खेचले. त्यांनी ठराव मागे घेतला तरी दावा सुरू ठेवला; असे ठराव पुन्हा आणणार नाही अशी हमी त्यांपैकी एकीने दिल्यावरच जूनमध्ये तो निकाली निघाला. विनवणीलाही काही मर्यादा असावी. इंग्लंडच्या चर्चने वर्षानुवर्षे तेल कंपन्यांशी चर्चा केली आणि जून २०२३ मध्ये, यांचा मार्ग बदलत नाही असे जाहीर करून, उरलेल्या मोठ्या तेल कंपन्यांतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. मला त्यांचा क्रम योग्य वाटतो: आधी विचारणे, मुदत ठेवणे, मग निघणे. आमचे अनेक संघ मुदत ठेवायला विसरतात, आणि मग ठराव हा वार्षिक सणासारखा होतो. तो साजरा केला की मन हलके होते, लाभांश मात्र चालू राहतो.

आता कराविषयी. तिन्ही विषयांत हा सर्वांत रुक्ष, आणि माझ्या मते सर्वांत परीक्षा पाहणारा. अमेरिकेने २०१७ च्या कायद्याने कंपन्यांवरील कराचा दर पस्तीस टक्क्यांवरून एकवीस टक्क्यांवर आणला. शिवाय नफा एका देशात मिळवायचा आणि कागदोपत्री तो करमुक्त बेटावर दाखवायचा, ही कला आहेच. २०२२ साली मिशनरी ओब्लेट्स या संघाच्या गुंतवणूक निधीने ॲमेझॉनपुढे, कोणत्या देशात किती कर भरता हे देशवार सांगा, असा ठराव आणला. कंपनीने तो सभेपुढे येऊ नये म्हणून रोखे आयोगाकडे धाव घेतली; आयोगाने नकार दिला. मते मिळाली एकपंचमांशाहून कमी. वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही, कारण करासाठी कोणी शाळेबाहेर रडत नाही.

आपल्या जुन्या नीतिशास्त्रानेही कराला हलकेच घेतले होते. करविषयक कायदे सदसद्विवेकाला बांधत नाहीत, पकडले गेल्यास दंड भरला की झाले, असे मानणाऱ्या पंडितांची एक परंपराच होती. राजे स्वतःच्या चैनीसाठी कर उकळीत, त्या काळात या मताला थोडाफार अर्थ असेल. कॅथलिक श्रद्धाग्रंथाने मात्र कर भरणे हे नैतिक कर्तव्य म्हणून स्पष्ट सांगितले आहे, आणि २०१८ साली रोममधून निघालेल्या अर्थव्यवहारविषयक दस्तऐवजात करचुकवेगिरीच्या परदेशी आश्रयस्थानांवर कडक टीका आहे. तरीही लाचेचे पापनिवेदन क्वचित ऐकू येते असे म्हणणारे धर्मगुरू भेटतात. कराचे पापनिवेदन ऐकल्याचे सांगणारा मला भेटलेला नाही.

हा विषय परीक्षा पाहतो असे मी म्हणतो, ते यासाठी. बंदुकीच्या ठरावात विचारणाऱ्याचे काही जात नाही. कराच्या ठरावात जाते. कंपनीने वाचवलेला कर लाभांशाच्या रूपाने भागधारकांकडेच येतो, आणि त्या भागधारकांत वृद्ध धर्मभगिनींचे निर्वाहनिधी असतात. आयुष्यभर अत्यल्प वेतनावर शाळा व रुग्णालये चालवलेल्या त्या भगिनींची वार्धक्यातील सोय इतकी तोकडी आहे की १९८८ पासून अमेरिकन ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी दरवर्षी वर्गणी गोळा करते. 'अधिक कर भरा' असे म्हणणारा व्रतस्थ गुंतवणूकदार स्वतःच्या औषधपाण्याच्या पैशांतून थोडे काढून द्यायला तयार असतो. जक्कय झाडावरून उतरला तेव्हा त्याने रोमच्या करपद्धतीवर भाषण केले नाही. त्याने स्वतःचा अर्धा पैसा मोजला.

एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकायला हवा. हवामान, कंपन्यांवरील कर, बंदुका, ही यादी अमेरिकेतील एका पक्षाच्या जाहीरनाम्याशी तंतोतंत जुळते. मग भगिनी सुवार्तेचे काम करतात की पक्षाचे? हा आक्षेप घेणाऱ्यांत उजव्या पक्षाचे लोक अधिक असले तरी तो पोकळ नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालच्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात म्हटले आहे की, एकाच श्रद्धेचे लोक व्यवहाराच्या प्रश्नांत प्रामाणिकपणे वेगवेगळ्या निष्कर्षांना येऊ शकतात, आणि तेव्हा कोणीही ख्रिस्तसभेचा अधिकार केवळ आपल्याच मताच्या बाजूने वापरू नये. जीवनाचे मोल हे तत्त्व आहे. रायफलीच्या गोळ्यांच्या कप्प्याचा आकार किती असावा, हे तत्त्व नव्हे. मोंटानात डोंगरकड्याला राहणारा, पोलीस चौकीपासून तासभर दूर असलेला शेतकरी बंदूक बाळगतो म्हणून तो कमी कॅथलिक ठरत नाही. असे असले तरी भगिनींनी कंपनीला 'बंद करा' असे सांगितलेले नाही. 'काय करता ते सांगा' एवढेच विचारले आहे. माहिती मागणे एका पक्षाचे काम झाले असेल, तर लाज दुसऱ्या पक्षाला वाटायला हवी. गर्भातील जिवाविषयी याच यादीत इतके मौन का, असे मात्र मी त्यांना जरूर विचारीन.

हे दार आता अरुंद होत चालले आहे. २०२० साली रोखे आयोगाने अट वाढवली: दोन हजार डॉलरचे समभाग आता तीन वर्षे बाळगावे लागतात, एका वर्षातच ठराव आणायचा तर पंचवीस हजारांचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने असे ठराव सभेपुढून वगळणे कंपन्यांना आणखी सोपे केले.

आपल्याकडे हे दार मुळातच नाही, असे म्हटले तरी चालेल. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे सभेपुढे ठराव आणायला मतदानाचा हक्क असलेले एक दशांश भागभांडवल लागते. आणि तरीही आपण मालक आहोत. ऑगस्ट २०१५ पासून कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा काही भाग शेअर बाजाराच्या निर्देशांकांशी जोडलेल्या निधींत गुंतवला जातो, आणि त्या निर्देशांकांत कोल इंडिया आहे. वसईहून पहाटेच्या गाडीने कामावर जाणारा आमच्या धर्मग्रामातील फिटर कोळशाच्या खाणींचा भागधारक आहे. समभाग त्याच्या नावावर नाही, मत त्याच्या हाती नाही, आणि कंपनीचे साठ टक्क्यांहून अधिक समभाग सरकारकडे आहेत. पण भविष्य निर्वाह निधीच्या मध्यवर्ती विश्वस्त मंडळावर मालक आणि सरकार यांच्याबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी बसतात, आणि ते देशातील कामगार संघटनांतून घेतलेले असतात. त्या संघटनांचे वर्गणीदार सभासद आमच्या रविवारच्या मिस्साला असतात. आपल्या निधीचा पैसा कुठे जातो, हे त्यांनी आपल्या संघटनेच्या सभेत कधी विचारले आहे का, हे मी त्यांना विचारणार आहे.