वाटेवर ठेवलेली गाठोडी

लेहहून यारकंदला जाणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवर एक रीत होती. काराकोरमच्या उजाड पठारावर एखादे तट्टू मेले, की त्याच्या पाठीवरचा बोजा तिथेच वाटेच्या कडेला रचून ठेवायचा आणि उरलेल्या जनावरांनिशी पुढे निघायचे. दुसरी जनावरे मिळवून मालक परत येईपर्यंत कधी काही आठवडे जात, कधी पुढचा उन्हाळा उजाडे. मधल्या काळात त्याच वाटेने इतर काफिले जात-येत. गाठोड्यात कधी रेशीम असे, कधी कापड, कधी चरस. पहारा नाही, कुलूप नाही, शंभर मैलांत चौकी नाही. तरीही मालक परत येई तेव्हा गाठोडे जागच्या जागी असे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात या मार्गाने गेलेल्या प्रवाशांनी हे नवल लिहून ठेवले आहे.

श्रीनगरहून झोजिला ओलांडून द्रास, कारगिल, लेह आणि पुढे नुब्रा असा प्रवास आम्ही केला, तेव्हा या गाठोड्यांचा विचार मनातून जाईना. कुणीही पाहत नसताना माणूस प्रामाणिक का राहतो? आणि ज्याच्याशी आपले ना रक्ताचे नाते, ना भाषेचे, ना धर्माचे, त्याची वस्तू सांभाळण्याचे बंधन आपल्यावर येते कुठून? प्रश्न जुनाच आहे. पण ग्रंथालयात बसून तो जेवढा कळतो, त्याहून त्या दगडधोंड्यांच्या मुलखात अधिक कळतो.

प्रथम ही वाट समजून घेतली पाहिजे. ‘रेशीम मार्ग’ हे नाव 1877 साली रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने रूढ केले. त्या वाटेने पिढ्यान् पिढ्या चालणाऱ्यांना ते नाव ठाऊक नव्हते. त्यांच्यासाठी ती यारकंदची वाट होती, ल्हासाची वाट होती, काश्मीरची वाट होती. चार दिशांच्या या वाटा लेहच्या बाजारात एकमेकींना भेटत. लेहहून यारकंद गाठायला लादलेल्या काफिल्याला महिना-दीड महिना लागे. खारदुंग, सासेर, काराकोरम, सुगेत, संजू अशा पाच मोठ्या खिंडी पार कराव्या लागत. काराकोरम खिंड साडेपाच हजार मीटरांहून उंच. तिच्या अलीकडच्या मुक्कामाचे नाव दौलत बेग ओल्दी, म्हणजे तुर्की भाषेत ‘दौलत बेग जिथे मेला ती जागा’. वाट चुकू नये म्हणून वेगळ्या खुणांची फारशी गरज नसे. मेलेल्या जनावरांची हाडेच वाट दाखवीत. आज नुब्राच्या पुढे त्या बाजूला सामान्य प्रवाशाला मोकळेपणाने जाता येत नाही. आम्हीही नुब्रातूनच मागे फिरलो.

या वाटेवर कोण नव्हते? होशियारपूरचे पंजाबी लाला होते, काश्मिरी व्यापारी होते, यारकंदी होते, बाल्टी हमाल होते, तिबेटी होते. भाड्याने तट्टे पुरवणारे लडाखी ‘किरायाकश’ होते. बाहेरून आलेले मुसलमान व्यापारी आणि लडाखी स्त्रिया यांच्या संसारातून जन्मलेला ‘अर्गोन’ समाज होता. त्याला दोन्हीकडच्या भाषा येत, म्हणून त्याच्यावाचून सौदा होत नसे. यारकंद-काशगरचे हाजीही याच खिंडी उतरून लेहला येत, काश्मीर-पंजाबमार्गे मुंबई गाठत आणि तिथून जहाजाने जेद्दाला जात. मुंबईचा मुसाफिरखाना आणि काराकोरमची खिंड एकाच प्रवासाचे दोन मुक्काम होते, हे आज आपल्या ध्यानातही येत नाही.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट ‘लोपचाक’ची. 1684 च्या तिंगमोसगंगच्या तहानुसार लेहच्या बौद्ध राजाकडून ल्हासाला दर तीन वर्षांनी नजराणा जाई. नजराणा बौद्ध राजाचा, जायचा बौद्ध धर्माच्या पवित्र नगरीत. पण पुढे तो नेण्याचे आणि वाटेवरचा व्यापार सांभाळण्याचे काम लेहच्या एका मुसलमान ख्वाजा घराण्याकडे आले आणि 1940 च्या दशकापर्यंत त्यांच्याकडेच राहिले. आज आपण याला ‘धार्मिक सलोख्याचे उदाहरण’ म्हणून टाळ्या वाजवू. त्या काळच्या लेहला त्यात टाळ्या वाजवण्यासारखे काही वाटले नसावे. ज्याला वाट ठाऊक आहे आणि ज्याच्या हाती दिलेली वस्तू पोचते, त्याच्या हाती ती द्यावी, इतका तो साधा व्यवहार होता.

इथे शंकेखोर माणूस आपल्याला थांबवील. तो म्हणेल, यात नीती कुठली? हा तर निव्वळ हिशेब. ज्याचे स्वतःचे जनावर धापा टाकते आहे तो दुसऱ्याचा बोजा उचलणार कसा? उचललाच तर विकणार कुठे? मोजके व्यापारी, मोजकेच बाजार. चोरीचा माल लेहच्या किंवा यारकंदच्या बाजारात लपत नाही. शिवाय आज त्याचे तट्टू मेले, उद्या माझे मरेल. म्हणून मी त्याचे गाठोडे राखतो, तो माझे राखील. याला अमानतदारी कशाला म्हणायचे? हा तर विमा झाला!

शंका खोटी नाही. तिला भाबडेपणाने उत्तर देण्यात अर्थ नाही, कारण या वाटेवर देवदूत चालत नव्हते. 1888 साली अँड्र्यू डॅलग्लिश या स्कॉटिश व्यापाऱ्याचा काराकोरम खिंडीजवळ खून झाला. मारणारा दाऊद मोहम्मद हा कर्जात बुडालेला पठाण व्यापारी होता. दोन वर्षांनी तो समरकंदमध्ये पकडला गेला. त्याच वाटेने चरसाचे गठ्ठेच्या गठ्ठे हिंदुस्थानात येत आणि त्यावर अनेकांचे वाडे उभे राहिले. त्याहून मोठा अन्याय तर कायदेशीर होता. 1870 च्या करारानंतर हा मार्ग सर्वांना खुला झाला, त्याच्या देखरेखीसाठी लेहमध्ये जम्मू-काश्मीर दरबार आणि ब्रिटिश यांचे संयुक्त कमिशनर बसले. प्रवाशांची सोय झाली. पण वाटेवरच्या गावांना ठरलेल्या दराने तट्टे आणि माणसे पुरवणे सक्तीचे झाले. या पाळीला ‘रेस’ म्हणत. पेरणी असो की कापणी, पाळी आली की शेत सोडून साहेबांचे सामान वाहायला जावे लागे. व्यापाऱ्याचे गाठोडे वाटेवर वर्षभर सुरक्षित राहत होते आणि त्याच वाटेवर शेतकऱ्याचे दिवस राजरोस लुटले जात होते. माल ही अमानत आणि मजुराचे आयुष्य मात्र कुणाचीच अमानत नाही! कुठल्याही सुवर्णकाळाची कथा ऐकताना आपण हा प्रश्न विचारला पाहिजे की, ओझे कोण वाहत होते?

ओझे वाहणाऱ्यांपैकी एकाने आपली कहाणी सांगून ठेवली, हे आपले भाग्य. लेहचा गरीब मुलगा गुलाम रसूल गलवान साहेबांच्या तांड्यांबरोबर नोकर म्हणून गेला, मोडकीतोडकी इंग्रजी शिकला, पुढे लेहमध्ये ‘अक्सकाल’ म्हणजे व्यापाऱ्यांचा मुखत्यार झाला. ‘सर्व्हंट ऑफ साहिब्स’ हे त्याचे आत्मकथन 1923 साली प्रसिद्ध झाले. एका नदीला त्याचे नाव मिळाले. 15 जून 2020 रोजी त्याच गलवान खोऱ्यात भारत आणि चीनच्या सैनिकांत झटापट होऊन 20 भारतीय जवान शहीद झाले, तेव्हा ते नाव जगाला कळले. ज्याने आयुष्यभर माणसांना खिंडीपार नेले, त्याचे नाव आज लोकांना ठाऊक आहे ते खिंडीआडच्या संघर्षासाठी.

पुन्हा शंकेकडे येऊ. प्रामाणिकपणा गरजेपोटी जन्मला असेल, तर तो खरा मानायचा की नाही? आम्हाला वाटते, जन्म कुठे झाला यावरून माणसाची किंमत ठरवू नये, तशी सद्गुणाचीही ठरवू नये. सवय आधी हिशेबाने लागते; पिढ्या उलटतात, हिशेब विसरला जातो आणि सवय उरते. त्या उरलेल्या सवयीलाच आपण सदसद्विवेक म्हणतो. ती खरी की खोटी, याची परीक्षा एकच. हिशेब संपल्यावर ती टिकते का? ज्याची वस्तू आहे तो परत येण्याची आशा नाही, त्याच्याकडून काही मिळण्याची शक्यता नाही, तेव्हा माणूस काय करतो?

अमानत या शब्दाचा कस नेमका इथेच लागतो. सीरतच्या ग्रंथांत हिजरतचा प्रसंग येतो. मक्केचे लोक जिवावर उठले होते, पण त्यांच्यातल्याच अनेकांच्या ठेवी पैगंबरांजवळ होत्या. कारण काफिल्यांबरोबर व्यापार केलेल्या त्या माणसाला मक्का ‘अल-अमीन’ म्हणून ओळखत होती. 622 साली मक्का सोडताना त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. व्यवहार संपला होता, नाते तुटले होते, ठेव मात्र उरली होती. मैत्री संपल्याने अमानत संपत नाही, एवढाच याचा अर्थ आम्ही घेतो.

हिमालयातल्या या वाटांवर असाच प्रसंग विसाव्या शतकाच्या मध्याला आला. 1947-48 च्या युद्धाने कारगिल-स्कर्दूची वाट तोडली. 1949 साली शिनजियांगमध्ये सत्ता बदलली आणि यारकंदची वाटही मिटली. तिकडून जीव वाचवून निघालेले उइगूर आणि कझाक खिंडी ओलांडून लेहला, श्रीनगरला आले. त्यांच्यातले बरेच पुढे तुर्कस्तानात स्थायिक झाले. ज्या वाटेने शतकानुशतके माल आला, तिच्यावरून शेवटी आली ती निर्वासित माणसे.

कारगिलमध्ये मुन्शी अझीझ भट या व्यापाऱ्याने 1920 साली बांधलेली सराई होती. वाटा बंद झाल्या, सराई ओस पडली, माल आत तसाच राहिला. खोगिरे, गालिचे, कापड, रंग, दागिने, पत्रव्यवहार आणि हिशेबाचे कागद. अनेक दशकांनी ती उघडली, तेव्हा तो माल विकून मोकळे होणे सोपे होते. नातवंडांनी तसे केले नाही. 2004 साली त्याचे संग्रहालय झाले. आज त्या वस्तू पाहताना कळते, की हे केवळ एका घराण्याचे वैभव नाही. ज्यांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत अशा अनेकांच्या श्रमांची ती ठेव आहे.

कारगिलजवळच नियंत्रणरेषेला लागून हुंदरमान आहे. 1971 च्या युद्धापर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होते, युद्धानंतर भारतात आले. त्यावेळी जे लोक कामानिमित्त रेषेच्या पलीकडे होते ते पलीकडेच राहिले. नुब्राच्या टोकाच्या तुर्तुकचीही हीच कथा. हुंदरमानच्या जुन्या, रिकाम्या वस्तीत गावकऱ्यांनी काही दगडी घरे राखली आहेत. पलीकडे राहिलेल्या नातलगांची पत्रे, कपडे, भांडी, कागदपत्रे तिथे मांडून ठेवली आहेत. मालक कोस-दोन कोसांवरच्या डोंगरापलीकडे राहत असेल, पण परत येऊ शकत नाही. तरी त्याची वस्तू फेकली गेली नाही. इथे हिशेब संपला आहे. विमा नाही, परतफेड नाही, पुढचा उन्हाळाही नाही. गाठोडे मात्र वाटेवर तसेच आहे. शंकेखोराला आमचे उत्तर हुंदरमान आहे.

यावर कुणी म्हणेल, ते तर आपल्याच नातलगांचे सामान राखतात. खरे आहे. म्हणूनच त्या वाटेने जे साधले त्याचे मोल अधिक. परक्याच्या वस्तूला नातलगाच्या वस्तूइतकी किंमत देण्याची सवय तिने माणसांना लावली. ही सवय उपदेशाने लागली नाही; एकमेकांची गरज पडत राहिली म्हणून लागली. आणि आपल्या काळाचे दुखणे बरोबर याच्या उलट आहे. आपल्या शहरांत माणसे द्वेषाने दूर गेली असे आपण समजतो. पण पुष्कळदा ती आधी दूर जातात आणि द्वेष मागाहून येतो. वस्त्या वेगळ्या होतात, शाळा वेगळ्या होतात, दुकाने वेगळी होतात. एकमेकांचे गाठोडे राखण्याचा प्रसंगच उरत नाही. मग आडनाव ऐकून भाड्याची खोली ‘आत्ताच दिली’ असे सांगितले जाते. आम्ही ते वाक्य अनेकदा ऐकले आहे. ते सांगणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. त्याच्यावर आपले काही सोपवण्याची आणि त्याने आपल्यावर काही सोपवण्याची वेळच कधी आलेली नसते.

आणि हा दोष एकाच बाजूचा नाही. आपल्याही मोहल्ल्यात आपण असे किती जण आहोत, ज्यांच्या घराची किल्ली परधर्मीय शेजाऱ्याकडे असते? ज्यांच्याकडे त्याची असते? विश्वासाची भाषणे आपण पुष्कळ करतो. विश्वास मात्र भाषणाने नव्हे, किल्लीने वाढतो.

खिंडी बंद करणे राज्यांच्या हाती असते; त्या उघडणे तुमच्या-आमच्या हाती नाही. पण प्रत्येक गल्लीत, प्रत्येक जिन्यावर एक लहानशी खिंड असते. तिच्या पलीकडच्या माणसावर आपले काहीतरी सोपवून पाहावे, त्याचे काहीतरी सांभाळून पाहावे. तो परत येईल की नाही याची खात्री नसतानाही सांभाळावे. अमानत ती तेवढीच.