तुम्ही क्यूत आहात का?

लंडनच्या एका पोस्टात पहिल्यांदा गेलो, तेव्हा भिंतीवरचा पासपोर्ट-फोटोच्या मापांचा तक्ता वाचत जरा बाजूला उभा होतो. माझ्या आणि पुढच्या गृहस्थांच्या मध्ये दोन माणसं सहज मावली असती. आपल्याकडे ती मावलीच असती. मागून आलेल्या बाईंनी मात्र विचारलं, ‘आर यू इन द क्यू?’ मी ‘यस’ म्हणालो, त्या ‘सॉरी’ म्हणाल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. सॉरी कशाबद्दल, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांच्या प्रश्नाचं मराठी करायला बसलो की अडचण होते. ‘तुम्ही रांगेत आहात का?’ हे बरोबर नाही. मी रांगेत नव्हतोच, ते त्यांना दिसत होतं. त्यांना विचारायचं होतं, ‘तुमचा नंबर आहे का?’

‘क्यू’ हा शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ शेपूट. इंग्रजीत माणसांच्या रांगेआधी तो पुरुषांच्या पाठीवर रुळणाऱ्या वेणीला चिकटला होता. थॉमस कार्लाइलने १८३७ साली फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहिला, त्यात पॅरिसच्या पाववाल्यांच्या दारातल्या या शेपटांचं वर्णन आहे. कुणी न सांगता एकामागे एक उभं राहणं ही त्याला खास फ्रेंच लोकांची तऱ्हा वाटली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत हीच तऱ्हा इंग्रजांच्या रक्तातली ठरली! मधल्या काळात दोन महायुद्धं झाली. जानेवारी १९४० मध्ये सुरू झालेलं अन्नधान्याचं रेशनिंग युद्ध संपल्यावरही जुलै १९५४ पर्यंत रेंगाळलं. १९५० च्या निवडणुकीत चर्चिलनी मजूर पक्षाच्या स्वप्नातल्या राज्याला ‘क्यूटोपिया’ म्हणून हिणवलं. म्हणजे तेव्हा तरी रांग हे टंचाईचं लक्षण होतं, मिरवायचा सद्गुण नव्हता. सद्गुणाचा मुलामा नंतरचा. पोट भरल्यावरचा, असं मला वाटतं.

इंग्रजीत समानार्थी शब्दांना तोटा नाही. अमेरिकन माणूस ‘इन लाइन’ उभा राहतो, न्यूयॉर्कवाला ‘ऑन लाइन’. ब्रिटनमध्ये रस्त्यावर तुंबलेल्या गाड्यांचा ‘टेलबॅक’ होतो, म्हणजे पुन्हा शेपूटच. आणि जोडीजोडीने चाललेल्या शाळकरी पोरांची ‘क्रोकोडाइल’. पण हे सगळे नुसते आकार. लाइन ही रेघ आहे. क्यू म्हटलं की त्यात नियम आला, आधी कोण आलं याचा हिशेब आला आणि मध्ये घुसणाऱ्याबद्दलचा राग आला. एप्रिल २०१६ मध्ये ओबामा लंडनमध्ये म्हणाले, की युरोपीय संघ सोडलात तर अमेरिकेशी व्यापार करार करताना तुम्ही ‘बॅक ऑफ द क्यू’ असाल. ब्रेक्झिटवाल्यांनी धमकीइतकाच तो शब्दही पकडला. अमेरिकन माणूस ‘लाइन’ म्हणाला असता, तेव्हा हे वाक्य डाउनिंग स्ट्रीटवर शिजलं असणार, असा त्यांचा वहीम. खरंखोटं काहीही असो, इंग्रज माणसाला दुखवायचं तर ‘क्यू’ हाच शब्द हवा होता.

मराठीने या एका शब्दाच्या पोटातल्या गोष्टी निरनिराळ्या ठेवल्या आहेत. रांग डोळ्यांना दिसते, पाळी येते, नंबर लावावा लागतो. उभं राहून पाय दुखले की आपण तिष्ठतो, ताटकळतो. ते दुःख वेगळं. नंबर आणि शरीर यांची फारकत तर आपण फार पूर्वीच केली. रेशनच्या दुकानापुढे पिशव्या, चपला, प्रसंगी दगड नंबर धरून बसतात आणि त्यांचे मालक कडेला सावलीत. दवाखान्यात शिरताच ‘शेवटचा नंबर कुणाचा?’ विचारायचं, तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि मिळेल त्या बाकावर टेकायचं. गंमत म्हणजे इंग्रजांच्या पबमध्येही हेच चालतं. काउंटरला सगळे आडवे रेलून उभे. रांग औषधालाही नाही, पण आपल्या आधी कोण आलं ते प्रत्येकाला ठाऊक. सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीच्या अंत्यदर्शनाला सुमारे अडीच लाख लोक थेम्सच्या काठाने सरकत होते, तेव्हा प्रत्येकाच्या मनगटावर क्रमांकाची रंगीत पट्टी होती. ती असली की जरा बाहेर पडून परत जागेवर येता येई. आमच्या चपलेचंच काम, फक्त मनगटावर. आणि खासदारांना ही रांग नव्हती, वर सोबत चार पाहुणे आणायची मुभा. पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहिलेल्याला व्हीआयपी दर्शन म्हणजे काय ते समजवावं लागत नाही.

सगळं एकाच शब्दात कोंबलं की राजकारण्यांची सोय होते. नुसतं ‘क्यू’ म्हटलं की कुठेतरी न्याय्य क्रम ठरलेला आहे, असं ऐकणारा गृहीत धरतो. १९७८ साली हुजूर पक्षाने ‘लेबर इझन्ट वर्किंग’ हे पोस्टर काढलं. त्यावर बेकारांची नागमोडी रांग. ती माणसं बेकार नव्हती, पक्षाचेच तरुण कार्यकर्ते होते. शंभर हवे होते, आले वीसेक. त्यांनाच पुन्हा पुन्हा उभं करून फोटो जोडले. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या, की सिडनीचे इंजिनिअर आणि दिल्लीचे सॉफ्टवेअर डेव्हलपर यांच्या पुढे युरोपीय नागरिकांना आता ‘जंप द क्यू’ करता येणार नाही. पुढे त्यांनी या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. पण मुळात तिथे क्यू नव्हताच. युरोपीय माणसं कायद्याने मिळालेल्या हक्काने येत होती. दिल्लीकराला व्हिसाचे नियम होते. ही दोन वेगळी दारं होती, त्यामुळे दिल्लीकराच्या पुढे कुणी घुसण्याचा प्रश्नच नव्हता.

खरा क्यू लागला होता तो १९६८ पासून. केनियातून निघालेल्या भारतीय वंशाच्या लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. ते येऊ लागताच गृहमंत्री जेम्स कॅलहॅन यांनी घाईघाईने नवा कायदा संमत करून घेतला. ज्यांचे आईबाप किंवा आजीआजोबा ब्रिटनचे नव्हते, त्यांच्यासाठी व्हाउचर. सुरुवातीला वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांपुरती. यांच्यातले कित्येक जण भारतात येऊन त्या व्हाउचरची वाट पाहत राहिले. ट्रंकेत पासपोर्ट आणि मुलांच्या शाळेचं काय करायचं, ते कळत नाही. त्यांच्या वाटेत कुणी घुसलं नव्हतं. ज्या देशाचे ते नागरिक होते, त्यानेच त्यांना शेपटाला उभं केलं होतं. ही व्हाउचर योजना २००२ च्या मार्चपर्यंत चालली.