धावणारा देव

जो पूर्ण आहे, ज्याला मिळवण्यासारखे काही उरलेले नाही, त्याने धावावे कशासाठी, हा प्रश्न भक्तिमार्गाला टाळता येत नाही; कारण देवाचा धावा करणे म्हणजे त्याने आपले स्थान सोडून संकटात सापडलेल्याकडे यावे अशी मागणी करणे होय, आणि हालचाल ही उणिवेची खूण मानणाऱ्या तत्त्वज्ञानाला ही मागणी विसंगत वाटते. ईशावास्योपनिषद या अडचणीला सरळ भिडते: ते आत्मतत्त्वाला अचल म्हणते, आणि तेच धावणाऱ्या इतर सर्वांना मागे टाकते असेही सांगते.

धावणारा असाच एक देव पुण्यातही भेटतो. तेथील पर्वतीवर, जेथे नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली देवदेवेश्वराचे मंदिर उभारले, तेथेच कार्तिकेयाचेही मंदिर आहे. कार्तिकेयाचे दुसरे नाव स्कंद, आणि या नावाच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ पाणिनीय धातुपाठात गती व शोषण असा दिला आहे. पुराणकथेत हा देव पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत गणेशाकडून हरतो. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो जपानला पोचला आणि तेथे ‘इदातेन’ झाला (‘तेन’ म्हणजे देव). स्कंद हे नाव चिनी चिन्हांत उतरवताना नकलकारांच्या हातून एका चिन्हाच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे दुसरे आले आणि त्यातून हे रूप घडले, असे अनेक अभ्यासक मानतात. बुद्धाच्या अस्थी पळवणाऱ्या राक्षसाला पाठलाग करून गाठणारा देव म्हणून तो जपानात वेगाचे प्रतीक ठरला. झेन मठांत त्याची मूर्ती मात्र स्वयंपाकघरात असते, कारण बुद्धासाठी अन्न जमवायला तो धावला अशी श्रद्धा आहे. मेजवानीला जपानीत ‘गोचिसो’ म्हणतात. त्यातील मुख्य दोन चिन्हांपैकी पहिले घोडा दौडवण्याचे, दुसरे पायी धावण्याचे, म्हणजे घडण आपल्या ‘धावपळी’सारखीच, आणि मूळ आशय पाहुण्यासाठी यजमानाने केलेल्या धावपळीचा.

जपानी लेखनात धावण्याचे असे निरनिराळे प्रकार डोळ्यांना दिसतात. ‘हाशिरु’ म्हणजे धावणे. ‘काकेरु’ म्हणजे दौडणे. ‘काकेरु’ दोन वेगळ्या चिन्हांनी लिहिता येते आणि दोन्हींच्या डाव्या बाजूस घोडा असतो, पण आकाशातून झेपावणे असा अर्थ असेल तर पंखाचा अवयव असलेले तिसरे चिन्ह येते. ‘कारु’ म्हणजे हाकणे, मग ते जनावर असो वा मोटार. त्याचेच कर्मणी रूप रागाने किंवा भीतीने ओढल्या गेलेल्या मनासाठी वापरतात. येथे कठोपनिषदातील रथ आठवावा, ज्यात इंद्रिये घोडे आहेत आणि बुद्धी सारथी. सारथी ढिला पडला की रथ चालतच राहतो, पण तो कोणाच्या इच्छेने हे सांगता येत नाही. गतीमध्ये दोष असेल तर तो या हाकले जाण्यात आहे, धावण्यात नव्हे.

म्हणूनच विठ्ठलाचे उदाहरण निर्णायक ठरते. तो विटेवर उभा आहे, आणि तरी संतांनी त्यालाच धाव म्हटले. त्याचे धावणे वासनेने हाकलेले नाही, ते दुसऱ्याच्या गरजेतून उपजते, आणि दुसऱ्याच्या गरजेला उत्तर देण्याने पूर्णत्वाला उणेपणा येत नाही. इदातेन हा धर्मरक्षक देव, परमतत्त्व नव्हे. त्यामुळे त्याच्या धावण्याने असा पेच निर्माणच होत नाही, आणि या बाबतीत वारकरी विचाराने अधिक कठीण प्रश्न पत्करला आहे. पंढरीच्या वारीत भक्तही धावतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात भवानी पेठेत, तुकाराम महाराजांची नाना पेठेत मुक्काम करून पुढे जाते. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबरचे वारकरी वेळापूरच्या अलीकडील उतारावर धावत सुटतात, आणि या विधीलाही धावा असेच नाव आहे. तेथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला व ते धावले अशी श्रद्धा आहे. पंढरपूर तेव्हा अजून काही मुक्काम दूर असते, त्यामुळे या धावण्याने कोणी लवकर पोचत नाही, आणि धावणाऱ्यांपैकी कोणाची तशी अपेक्षाही नसते.