नावाची अनामत

गाडी फुटपाथला लागते. काच अर्धी खाली येते. बाई वाकून आत बघते. दोन-चार मिनिटं मिळाली तर तेवढ्यात तिला बरंच कळतं. दाराला आतून हँडल आहे की काढून टाकलंय, मागच्या सीटवर कोणी दडून बसलंय का, तोंडाला वास येतोय का, कुठे जायचं असं विचारल्यावर माणूस सरळ उत्तर देतो की नजर चुकवतो. मागे उभी असलेली मैत्रीण तेवढ्यात गाडीचा नंबर टिपून घेते. व्हँकुव्हरच्या डाउनटाऊन ईस्टसाइड भागात रस्त्यावर धंदा करणाऱ्या बायकांची गिऱ्हाइकाची पारख ती एवढीच. १९८५ साली कॅनडाने ही दोन-चार मिनिटंच बेकायदा ठरवली. पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं तेव्हा तिथे गुन्हा नव्हता, पण त्याबद्दल चारचौघांत बोलणं गुन्हा झालं. पोलिसांची गाडी दिसण्याआधी आत बसायचं, दार ओढून घ्यायचं, आणि पारख करायची ती गाडी चालू लागल्यावर.

पुढे इंटरनेट आलं आणि या व्यवसायातला एक भाग फुटपाथवरून फोनवर गेला. एस्कॉर्ट म्हणून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या बाईला गाडीची काचही राहिली नाही. तिच्यासमोर असतो फक्त एक नंबर आणि दोन ओळींचा मेसेज. म्हणून ती भेट ठरवण्याआधी विचारते: खरं नाव काय, काम कुठे करता, ओळखपत्राचा फोटो पाठवा, याआधी भेटलेल्या दोघींचा हवाला द्या, थोडी रक्कम आगाऊ भरा. अमेरिकेत, कॅनडात, ब्रिटनमध्ये याला स्क्रीनिंग म्हणतात. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, खातरजमा. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मन निश्चिंत होणं असा आहे. मला तो इथे फार नेमका वाटतो, कारण सगळा पेच त्यातच आहे. निश्चिंत कोणाचं मन व्हायचं? तिचं की त्याचं?

त्याची भीती खोटी नाही. त्याला घर आहे, नोकरी आहे, कदाचित मुलं आहेत. एका अनोळखी बाईच्या फोनमध्ये आपलं नाव, चेहरा आणि कंपनीचं ओळखपत्र एकत्र जाऊन बसणार, उद्या तो फोन हरवला, कोणी हिसकावला, पोलिसांनी जप्त केला तर काय, हा विचार कोणालाही सुचेल. शिवाय 'एस्कॉर्ट' या नावाखाली आगाऊ रक्कम उकळणाऱ्या आणि पुढे बदनामीची धमकी देणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांतही नेमाने येतात. २०१५ च्या उन्हाळ्यात अॅशले मॅडिसन या कॅनडातल्याच कंपनीची माहिती चोरीला जाऊन उघड्यावर पडली. ती काही एस्कॉर्टची सेवा नव्हती, विवाहितांना लग्नाबाहेरची ओळख जुळवून देणारी साइट होती. सुमारे ३ कोटी ६० लाख खाती. आपली माहिती पूर्ण पुसली जावी म्हणून लोकांनी १९ डॉलर वेगळे भरले होते, आणि कंपनीने ती लगेच पुसलीच नव्हती. नावं बाहेर आल्यावर संसार मोडले, माणसं जिवानिशी गेली.

गेल्या वर्षी मी एका जिल्ह्याच्या गावी लॉजवर उतरले होते. निघताना काउंटरवरच्या मुलाने हिशेब मांडायला ड्रॉवरमधून एक पाठकोरा कागद काढला, आकडे लिहिले आणि माझ्या हातात दिला. मी सहज उलटून पाहिलं. मागे कोणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स होती. फोटो, जन्मतारीख, पत्ता, सगळं. ड्रॉवरमध्ये तसा गठ्ठा होता. तो माणूस लग्नाला आला असेल, कोर्टाच्या तारखेला आला असेल, की कोणाला भेटायला आला असेल; मला ते कळायचं काहीच कारण नव्हतं, आणि तरी त्याचा चेहरा माझ्या हातात होता. मी तो कागद तिथेच फाडला. तेव्हापासून 'नुसतं नाव तर मागितलं, त्यात एवढं काय' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही मला बाजू घ्यायची आहे, आणि मी ती तिची घेते. तिने चुकीच्या माणसाला दार उघडलं तर तिचा जीव जातो. त्याने चुकीच्या बाईला नाव दिलं तर त्याची अब्रू जाते. अब्रू गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठतो, रडतो, भांडतो, घर सोडतो, पुन्हा उभा राहण्याची निदान संधी तरी त्याला असते. म्हणून तिने विचारलं तर त्याने सांगायला हवं. ज्याला सांगायचं नसेल त्याने जाऊ नये. एवढं म्हणून विषय संपवता आला असता. पण घाबरलेला माणूस खोटं नाव देतो. दुसऱ्याचं ओळखपत्र देतो, नवा नंबर घेतो. मग तिच्या हातात जे पडतं ते काहीच नसल्यापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर विसंबून ती दार उघडते. त्याचं नाव सांभाळलं जाईल याची त्याला खात्री नसेल तर तिच्या जिवाचीही खात्री राहत नाही. या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत घालून तोलण्याची सवय मला म्हणूनच चुकीची वाटते.

मग नाव घ्यायचं कसं? माझं उत्तर एका साध्या मराठी शब्दात आहे: अनामत. अनामत म्हणून दिलेली वस्तू घेणाऱ्याची होत नाही. ती वापरायची नसते, दाखवायची नसते, काम झालं की परत करायची असते. या व्यवसायातल्या अनेक जणी नेमकं हेच करत आल्या आहेत. भेटीला जाताना मैत्रिणीकडे बंद पाकिटात ठेवून जायचं: कोण, कुठे, किती वाजेपर्यंत. ठरलेल्या वेळी फोन करायचा. फोनवर बोलताना ठरलेला एखादा साधा शब्द वापरायचा, तो आला नाही तर समजायचं की कोणीतरी शेजारी उभं राहून बोलायला लावतंय. फोन आलाच नाही तर पाकीट उघडायचं. सुखरूप परतली की ते न उघडता फाडायचं. यात त्याचं नाव आहे, पण कोणी वाचलेलं नाही. आधी भेटलेल्या दुसरीचा हवाला घेणं हीसुद्धा याच जातीची युक्ती. 'हा माणूस दोनदा आला, नीट वागला, ठरलेले पैसे देऊन गेला' हे कळण्यासाठी त्याच्या बायकोचं, कचेरीचं नाव लागत नाही.

हवाल्याच्या पद्धतीत भोकं आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला हवाला कुठून मिळणार? आणि चौघींशी गोड वागलेला पाचवीशी तसाच वागेल असं थोडंच आहे. कंपनीचं ओळखपत्र मागण्यात मला आणखी एक गोष्ट खटकते. त्याने कळतं ते इतकंच, की या माणसाला गमावण्यासारखी नोकरी आहे. ज्याला ती नाही असा रोजंदारीवरचा सभ्य माणूस बाहेर राहतो आणि मोठ्या हुद्द्यावरचा आत येतो. हुद्दा आणि सभ्यपणा यांची गाठ कधी कोणी बांधली?

म्हणून मला नावांच्या यादीपेक्षा वागणुकीची यादी जास्त मोलाची वाटते. १९८६ साली मेलबर्नमधल्या या व्यवसायातल्या बायकांच्या संघटनेने अशी यादी सुरू केली, मारहाण करणाऱ्या, पैसे बुडवणाऱ्या, बळजबरी करणाऱ्या गिऱ्हाइकांची. त्यातूनच ब्रिटनमध्ये २०१२ पासून नॅशनल अग्ली मग्ज ही संस्था काम करू लागली. जिच्यावर हल्ला झाला ती तिथे कळवते, इतरांना इशारा जातो, आणि तिची संमती असेल तर तिचं नाव न सांगता माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते. आलेला फोन नंबर आधीच्या तक्रारींत आहे का, हे तपासता येतं. ज्याने कोणाला त्रास दिलेला नाही, त्याचं काही या यादीत जाण्याचं कारण नाही.

तिच्या स्वतःच्या खासगीपणाचा विचार मात्र या वादात सगळ्यात मागे पडतो. त्याचं नाव तिला कळलं तर केवढा गहजब, पण तिचा फोटो, आवाज, राहण्याची जागा त्याच्याकडे असतेच. पाठलाग करणारं गिऱ्हाईक ही या धंद्यातली जुनी भीती आहे. जर्मनीने २०१७ पासून अशा बायकांना सरकारदरबारी नोंदणी सक्तीची केली, टोपणनावाचं कार्ड मिळण्याची सोय ठेवली, तरी अनेक जणी नोंदणीपासून लांबच राहिल्या. गिऱ्हाइकाला मात्र कुठे नोंद करावी लागत नाही.

कायद्याकडे यायलाच हवं, कारण अनामत ठेवायची तर ती ठेवणारा तरी निर्भय हवा. २० डिसेंबर २०१३ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने टेरी-जीन बेडफर्ड, एमी लेबोविच आणि व्हॅलरी स्कॉट या तिघींच्या खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी तीन कलमं रद्द केली. रस्त्यावरच्या बोलण्यावरची बंदी त्यात होतीच. दुसरं कलम ठरावीक जागी धंदा करण्याविरुद्धचं. त्याच्याच आधारे व्हँकुव्हरमधलं 'ग्रँडमाज हाउस' हे बायकांना गिऱ्हाइकासह सुरक्षितपणे वापरता येणारं घर बंद पाडलं गेलं होतं, आणि तेही शहरात खुनी फिरतोय अशी कुजबुज चालू असताना. तिसरं कलम बाईच्या कमाईवर जगणाऱ्याविरुद्ध. त्यात तिने पगार देऊन ठेवलेला ड्रायव्हर आणि राखणदारही सापडत होता. न्यायालयाचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाची पारख हे तिच्या सुरक्षेचं साधन आहे आणि कायदा तेच तिच्या हातून काढून घेतो. पण वर्षभरात, डिसेंबर २०१४ मध्ये, नवा कायदा आला आणि त्याने पैसे देणाऱ्यालाच गुन्हेगार केलं. हेतू बाईला वाचवण्याचा होता, हे मी मानते. पण आता त्याने खरं नाव देणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः लिहून देणं. न्यायालयाने तिला परत दिलेली दोन-चार मिनिटं अशी पुन्हा गेली. न्यूझीलंडने २००३ मध्ये ६० विरुद्ध ५९ मतांनी वेगळी वाट धरली. तिथे दोघंही गुन्हेगार नाहीत, आणि कुठल्याही क्षणी नाही म्हणण्याचा तिचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे.

आपल्याकडे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याची व्याख्या पाहा. दोन बायका आपापल्या फायद्यासाठी एका जागेत धंदा करत असतील तर ती जागा कुंटणखाना ठरते. म्हणजे पलीकडच्या खोलीत मैत्रीण असणं, हाक मारली तर धावून येईल असं कोणी असणं, ही सुरक्षेची सगळ्यात जुनी सोयच गुन्ह्यात बसते. कामाठीपुऱ्यासारख्या वस्तीत भिंतीपलीकडे माणसं तरी होती. मोबाइलवर ठरवून लॉजवर किंवा भाड्याच्या फ्लॅटवर एकटी जाणाऱ्या बाईला तीही नाहीत. आणि लॉजवर तिच्याच आधारची झेरॉक्स ड्रॉवरमध्ये जाते.

नाव कळलं म्हणजे सगळं झालं असंही मी म्हणत नाही. व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोकिटलममध्ये, पुढे अशाच बायकांचा खुनी ठरलेल्या रॉबर्ट पिक्टनच्या फार्मवरून मार्च १९९७ मध्ये एक बाई सुऱ्याचे वार झेलून, रक्तबंबाळ अवस्थेत निसटली. नाव माहीत होतं, जागा माहीत होती. जानेवारी १९९८ मध्ये त्याच्यावरचा खटला थांबवला गेला. त्याला अटक झाली २००२ साली, आणि फार्मवर ३३ बायकांचे डीएनए सापडले.

आणि एक प्रकरण आपल्या घरचं. १३ नोव्हेंबर १९६५ च्या रात्री भिवंडीत एक पोलीस इन्स्पेक्टर गणवेशात एका बाईच्या झोपडीवर गेला आणि शरीरसंबंधाची मागणी केली. ती नाही म्हणाली, त्याने जबरदस्तीचा प्रयत्न केला, तिने आरडाओरडा केला. चौकशी होऊन तो बडतर्फ झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. अशा चारित्र्याच्या बाईच्या एकटीच्या सांगण्यावरून एका सरकारी अधिकाऱ्याची नोकरी आणि भवितव्य पणाला लावणं धोक्याचं आहे, असं कारण दिलं. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर या नावाने ते अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिच्या चारित्र्याबद्दल काहीही म्हटलं जात असलं तरी तिलाही खासगीपणाचा हक्क आहे, मनाला येईल तेव्हा तिच्या घरात कोणी शिरू शकत नाही, असं त्या न्यायालयाने म्हटलं आणि बडतर्फी कायम केली. निकाल लागला तो १९९० साली.

आपल्या दारात कोण उभं आहे हे तिला विचारावं लागलं नव्हतं.